रिकाम्या खुर्चीचं माप

फीत कापून साहेब आत गेले, त्यांच्या मागोमाग चार-पाच अधिकारी गेले, आणि मग फोटोवाला वळून म्हणाला, "आता बाईंना येऊ द्या. बाई, हसत हसत या."

शिवणवालीनं दोन्ही चाकांवर हात ठेवले आणि व्हीलचेअर पुढे घेतली. मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून फाटकात दोन लोखंडी खांब पुरले होते. पुढची छोटी चाकं त्यांच्यामधून गेली. मोठीही गेली असती, पण चाकं फिरवणारे हात खांबांवर आपटले आणि उजव्या बोटांची सालटं निघाली.

"हात मांडीवर घ्या ना," इंजिनिअर म्हणाला. जंगलातली ही वाट त्यानंच बांधून घेतली होती. "तुमच्या वहिनी ढकलतील मागून."

"ढकलायला ती घरीही आहे. इथे मी एकटीनं फिरायला आलेय."

खांबांपलीकडे वाट झाडांत शिरत होती. गुळगुळीत, चढ नावालाच, वर पानांची दाटी. 'कुणाच्याही मदतीशिवाय' असं निमंत्रणावर छापलं होतं. ती ओळ तिनं भावजयीला दोनदा वाचून दाखवली होती आणि आजची सगळी गिऱ्हाइकं परवावर ढकलली होती.

"ताई, माप मी स्वतः तुमच्या घरी येऊन घेतलंय," इंजिनिअर म्हणाला. "चोवीस इंच भरली खुर्ची. मी पंचवीस सोडलेत. वर एक इंच जास्तच."

"तुम्ही आलात तेव्हा मी आत पलंगावर होते. बाहेरच्या खोलीतली रिकामी खुर्ची मापलीत, चहा प्यालात आणि गेलात."

"खुर्ची तर तीच आहे की."

"तीस वर्षं कपडे शिवतेय मी. हँगरचं माप घेऊन अजून कुणाच्या अंगात कपडा घातला नाही."

खुर्चीमागे उभ्या भावजयीला हसू फुटलं. ते तिनं खोकल्यात दडवलं आणि खाली वाकली. "वन्सं, चारचौघांत कशाला? आजचा दिवस ढकलते मी. भांडू उद्या."

"उद्या इथे कोण असणार आहे? या खांबांशी भांडू?"

इंजिनिअरनं आवाज खाली आणला. "फक्त फोटोपुरतं, ताई. नंतर बघू काहीतरी."

तिनं बोटांकडे पाहिलं. मग हात मांडीवर घेतले. "बरं. ढकल गं."

भावजयीनं खुर्ची जरा मागे घेतली आणि नीट धरून पुढे ढकलली. शिवणवालीचे गुडघे खांबांच्या मधोमध आले, आणि तिनं दोन्ही ब्रेक ओढले.

"अजून थोडं पुढे, बाई," फोटोवाला म्हणाला.

"इथेच बरं आहे."

साहेब पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत आले. त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. वाटेला दुसरं तोंड नव्हतं, दोन्ही बाजूंना थेट खांबांपर्यंत पुरुषभर उंचीची जाळी. खांबांपाशी येऊन ते थबकले. मागचे अधिकारीही एकामागोमाग एक थबकले.

"काय झालं? बाई अडकल्या का?"

"त्या कुठल्या अडकतात," भावजय म्हणाली, आणि या खेपेला तिनं आवाज खाली ठेवला नाही. "अडकलात तुम्ही."

इंजिनिअर पुढे झाला. "ताई, साहेबांना उशीर होतोय. जरा मागे घ्या."

"घेते की." शिवणवालीनं पर्समधून टेप काढून त्याच्या हातात दिली. मग दोन्ही हात चाकांवर ठेवले, आणि चाकं फिरवताना कोपरं जशी बाहेर येतात तशी येऊ दिली. "आधी माप घ्या. आता खुर्चीत माणूस आहे."

इंजिनिअरनं साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळाकडे पाहत होते. तो तिच्यासमोर येऊ शकत नव्हता, म्हणून मागून जमिनीवर गुडघे टेकून बसला. एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत त्यानं टेप ताणली. आकडा पाहिला. सोडली, आणि पुन्हा ताणली.

"किती?" तिनं विचारलं.

"तेहतीस," तो पुटपुटला.

"मला ठाऊक आहे. तिकडे साहेबांना सांगा."