छापील आरसे

गोमतीबाई चहा ठेवायला आत गेल्या, तेवढ्यात सुकेशनीनं त्यांच्या आईच्या आरसेकामाच्या घागऱ्याचा न विचारता फोटो काढला. आरशाआरशांत तीच दिसत होती, मोबाइल धरलेली. त्यावरून कापडाचं डिझाइन करताना तिनं प्रत्येक आरशातून स्वतःला पुसलं आणि सपाट करडा रंग भरला.

कापड छापून मेडशी गावातल्या दुकानात आलं. ती बघायला गेली, तर गोमतीबाई आधीच तिथं बसलेल्या. मांडीवर तेच कापड.

"पोरी, माह्या मायच्या आरशात तू काहून उभी राह्यली?"

सुकेशनी वाकली. करड्या ठिपक्याठिपक्यांत तीच होती, मोबाइल धरलेली.

"मले इचारलं असतं, तं घालून दाखवला असता," गोमतीबाई म्हणाल्या.

सुकेशनीची मान शरमेनं खाली गेली.

कापडावरच्या सुकेशनींपैकी मात्र एकीचीही खाली गेली नाही.