बालाघाटातला पहिला इलेक्ट्रॉनिक काटा

१९८८ साली मास्तरकी सोडून मी बालाघाटात तांदळाचं दुकान टाकलं. मालाच्याही आधी नागपूरहून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. असा काटा पार बैहरपर्यंत कोणाकडे नाही, हे सांगत मीच गावभर फिरलो. समोरचा तांदूळवाला डोमाजी अजून तराजूच धरायचा आणि तोलून झालं की वर एक मूठ टाकायचा. माझा काटा एक दाणाही जास्त जाऊ देत नसे.

महिनाभरात माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायको चक्रावली. "एवढी गर्दी हाय, मंग तुमचा तांदूळ काहून खपून नाही राह्यला?"

मी काही बोलायच्या आत गर्दीतल्या कमलाबाईंनी भरलेली थैली काट्यावर ठेवली.



"मास्तर, पाहा बरं, डोमाजीनं किती जास्त देल्ला!"