आदर्श इमारत

कंपनीच्या पाच इमारतींत वीज आणि पाणी कसं वाचवायचं, याचा आराखडा करायला बाहेरून एक मोठे साहेब आणले. त्यांनी आठवडाभर केबिनमध्ये बसून मीटरचे आकडे पाहिले आणि चार नंबरची इमारत आदर्श ठरवली. पाणी शून्य, वीज निम्मी!

मी तिथला प्लंबर. न राहवून बोललो, “साहेब, चार नंबरचा पंप मार्चपासून जळालाय. तिथली सगळी माणसं तीन नंबरच्या संडासात जातात. नव्या पंपासाठी मी तीनदा अर्ज दिला, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.”

साहेबांचे डोळे चमकले. “म्हणजे सगळं पाणी या पंपांमुळेच वाया जातंय तर!”

सोमवारी साहेबांनी माझ्याच हातून उरलेले चारही पंप बंद करवले. शुक्रवारी साहेबांचा सत्कार झाला, त्यात त्यांनी तीन कप चहा रिचवला. अर्ध्या तासात ते घामाघूम होऊन माझ्या शेडच्या दारात उभे.

“अरे बाबा, तुझ्या शेडमागच्या संडासात तरी पाणी आहे ना? किल्ली दे, लवकर!”



मी म्हणालो, “अर्ज द्या, साहेब.”