व्हर्लचं गेट

व्हर्लची जीप काही केल्या उलटत नव्हती.

सकाळपासून त्याने प्रत्येक खडकावर प्रयत्न केला होता. चाक नको तिथे घातलं, ब्रेक नको तेव्हा सोडला. पण जीप तिरकी झाली की त्याचे हात आपोआप स्टीअरिंग फिरवायचे आणि ती शहाण्या घोड्यासारखी चारी पायांवर उभी राहायची. मागून येणारे जीप क्लबवाले टाळ्या वाजवत होते. व्हर्लला रडू येत होतं.

सोडा गल्च नावाच्या दरीतल्या वाटेवर एकच कायदा चालतो. ज्या जागी ज्याची गाडी पहिल्यांदा आपटली, त्या जागेला त्याचं नाव. मतदान नाही, वशिला नाही. नाव पडलं की ते पेट्रोल पंपावरच्या नकाशात चढतं. त्या नकाशात व्हर्लच्या मेव्हण्याची, डीलॉयची, तीन नावं होती. डीलॉयची पायरी, डीलॉयचं कोपर आणि ओढ्यापाशी डीलॉयची आंघोळ. डीलॉयला गाडी चालवता येत नाही, एवढंच त्यामागचं कर्तृत्व. तिन्ही वेळा व्हर्लनेच आपल्या जीपच्या विंचची, म्हणजे ओढयंत्राची, तार लावून त्याला बाहेर काढला होता. ओढणाऱ्याचं नाव कशालाच देत नाहीत.

नेवाडाहून जीप घेऊन आलेले लोक कॅफेत अदबीने विचारायचे, तो डीलॉय तुम्हीच का. मग त्याच्यापुढे रूट बिअरचं गोड सरबत यायचं, वर आइस्क्रीमचा गोळा. व्हर्ल शेजारच्याच खुर्चीत असायचा. त्याला लोक मीठ मागायचे.

"अख्ख्या डोंगरावर माझ्या माहेरचंच नाव आहे," बायको, रेलीन, बटाटे कुस्करता कुस्करता म्हणायची.

आज शेवटची संधी होती. जंगल खात्याच्या ऑर्टेगा बाई पाहणीला आल्या होत्या. वाट गाड्यांना खुली ठेवायची की बंद करायची, हे त्या ठरवणार होत्या. अट साधी होती. ओढ्यातल्या माशांना त्रास नको. वाट पास झाली तर खातं स्वतःचा नकाशा छापणार होतं, आजवरच्या नावांसकट, कायमचा. म्हणून क्लबने आपला सगळ्यात भरवशाचा माणूस पुढे घातला होता. डीलॉयला चालत यायला सांगितलं होतं.

ऑर्टेगा बाईही चालतच होत्या. तुम्ही फार जपून चालवता, असं त्या व्हर्लला म्हणाल्या. ते त्याला लागलं.

शेवटचा खडक ओढ्याच्या वर होता. व्हर्लने चाक कडेला नेलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. जीप जेवून कुशीवर वळणाऱ्या माणसासारखी सावकाश आडवी झाली. मग घसरली, मग पुरती उलटली आणि खाली पाण्यात जाऊन थांबली. इंजिनातलं ऑइल ओढ्यात उतरलं. पाण्यावर फार सुंदर रंग पसरले.

पट्ट्याला उलटा लटकलेला व्हर्ल म्हणाला, "लागलं नाही. नाव काय पडतंय?"

क्लबचे म्हातारे अध्यक्ष आर्लो काठाशी आले. त्यांनी टोपी मागे सरकवून जागा नीट पाहिली.

"ही तर डीलॉयची आंघोळ," ते म्हणाले. "भरलेली जागा आहे ही, बाळा."

ऑर्टेगा बाईंनी वही उघडली. त्या पाण्याकडे बघत होत्या.

बर्फ वितळल्यावर वाटेच्या तोंडाशी लोखंडी पाइपांचं हिरवं गेट बसलं. आजोबांच्या काळापासून चालू असलेली वाट एका माणसापायी गेली. क्लबमध्ये व्हर्लशी कुणी बोलेना. रागाने सगळे त्या गेटला व्हर्लचं गेट म्हणू लागले.

व्हर्लला राग ऐकू आला नाही, फक्त नाव ऐकू आलं.

पंपावरच्या नकाशात वाट आता गेटपाशीच संपत होती. वरच्या भागावर कागद चिकटवला होता आणि त्याखाली डीलॉयची तिन्ही नावं गाडली गेली होती. दर रविवारी चर्च सुटलं की व्हर्ल रेलीनला घेऊन गेटपाशी जायचा. दोघं तिथे सँडविच खायची. रेलीन गेटकडे पाठ करून बसायची.

एका रविवारी डीलॉय आला. त्याची जीप नाक गेटला लावून उभी राहिली. मागोमाग आर्लो आणि नेवाडाचे दोन पाहुणे आले, बंद वाट बघायला. डीलॉयने हिरव्या पाइपवरून हळूच हात फिरवला.

"दाजी, माझ्या तीन जागा होत्या, पण लोक तिथून पुढे निघून जायचे," तो म्हणाला. "तुमच्या जागी सगळ्यांना थांबावंच लागतं. तुमचं बरं आहे."

त्याच्या आवाजात स्वच्छ जळफळाट होता. व्हर्लने तो चवीने ऐकला. आपल्याकडे बघून कुणाचं तरी पोट दुखतंय, हे सुख त्याला नवं होतं. त्याने डीलॉयला अर्धं सँडविच दिलं. निघताना तर स्वतः मागे उभा राहून त्याला गाडी मागे घ्यायला मदत करू लागला.

"ये, ये, येऊ दे," तो हाताने खुणावत म्हणाला.

डीलॉयने रिव्हर्स टाकला, असं डीलॉयला वाटलं. जीप पुढे गेली.

आवाज दरीभर घुमला. गेटचा मधला पाइप वाकून जीपच्या बंपरात अडकला. पाहुण्यांनी फोटो काढले. आर्लोंनी टोपी मागे सरकवून जागा नीट पाहिली. या गेटवर आजवर कुणीच आपटलं नव्हतं. व्हर्ल तर नाहीच नाही.

"डीलॉयचं गेट," ते म्हणाले.

खिडकीतून डीलॉयचं डोकं बाहेर आलं.

"दाजी, ओढता का जरा?"