हुबेहूब सुलतान

सुरैय्याने आमटीच्या डावाच्या दांड्याने दोनदा ढोसलं, तरी टाकीतला सुलतान हलला नाही. डोळे, मिशा, पाय, दोन्ही नांग्या जागच्या जागी होत्या. हालचाल तेवढी नव्हती.

"अहो, मेला की हा!" ती फोनवर म्हणाली.

"नक्की?" दुबईतल्याच हमरियाहून नवऱ्याने, हारुनने विचारलं.

"हर्णैच्या बंदरावर वाढलेय मी. मेलेलं काय नि जितं काय, मला शिकवू नका."

नानीला जाऊन महिना झाला होता. बारा वर्षांची लेक दुआ आता कुठे नीट जेवू लागली होती, तीही कोळंबीच्या जातीच्या या क्रेफिशच्या टाकीसमोर बसून. तिची शाळेची बस पावणेतीनला यायची.

"या घरात आणखी मयत नको. खलास," म्हणत सुरैय्याने सुलतानला पिशवीत टाकलं. हाताला अगदीच हलका लागला. दुआबरोबर त्यानेही जेवण सोडलं असणार, असं तिला वाटलं.

अल कुसैसमधल्या मत्स्यालयाच्या दुकानात मालक सूर्यकांतने तीन निळसर क्रेफिश पुढे ठेवले.

"हुबेहूब पाहिजे," सुरैय्याने मोबाइलवरचा फोटो नाचवला.

"मग वहिनी, आधी नर-मादी बघा. नराच्या नांगीला बाहेरून लाल पट्टा असतो."

पहिली मादी निघाली. दुसऱ्याची एक नांगी लहान होती.

"तुटलीवती. परत उगवते हळूहळू," सूर्यकांत म्हणाला. "आपल्यासारखं नाही."

तिसऱ्याच्या मिशा तिने फोटोशी चारदा ताडून पाहिल्या. तोवर सूर्यकांतचे दोन चहा झाले.

"ओढ्यातळ्यातला जीव आहे, नळाचं पाणी थेट घालू नका. लपायला आहे ना काही?"

"मडकं आहे."

"आणि एकटाच ठेवा. दुसरा कमजोर दिसला तर सोडत नाय हा."

"एकटाच आहे हो बिचारा."

अडीचला नवा सुलतान टाकीत उतरला. मिशा फिरवत फिरवत थेट मडक्यात शिरला. घर ओळखलंन, म्हणून सुरैय्या सुखावली.

दुआ दप्तरासकट धावत आली.

"अम्मी, टाकीला हात नाही ना लावलास? ही मोल्टेड! पहाटे अख्खी कात टाकली त्याने, डोळ्यांसकट. तू नमाजात होतीस म्हणून सांगितलं नाही. ही इज सो सॉफ्ट नाऊ, दोन दिवस मडक्यातच बसणार. ती कात कुठाय?"

मडक्याच्या तोंडाशी एक मऊ, निळी नांगी येऊन पडली.