डावी डिस्क

"आबा, डावी डिस्क गेलीय. डावी तेवढी काढा, मग डबा चालू करा. उजवीला हात लावू नका," सायली पुण्याहून फोनवर म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून तिनं फोन ठेवूनही दिला.

मांडवगणच्या घरात टीव्हीखाली तो काळा डबा होता. हौसआबांच्या या नातीनं जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर बनवून दिला होता. घरातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ त्यातच. आत दोन डिस्क, दोन्हींवर सारखाच माल. एक बसली तर दुसरी ओढून नेते, असं तिनं समजावलं, तेव्हा आबांना ते झटक्यात पटलं होतं. जोडी म्हटली की त्यांना जास्त काही सांगावं लागत नसे. पण आज बसलेली डिस्क अशी अडून बसली होती की तिच्यापायी चांगलीही खोळंबली होती. सकाळपासून डबा टीं टीं करत होता आणि व्हिडिओ काही लागत नव्हता.

आणि आज तर तो लागायलाच हवा होता. राहूहून मेव्हणा गेणबा नव्या जावयाला घेऊन जेवायला येणार होता. तीन वर्षांपूर्वी घाटातल्या बैलगाड्यांच्या शर्यतीत आबांचा सर्जा आणि गेणबाचा पाखऱ्या एका गाड्याला जुंपले होते. डावा सर्जा, उजवा पाखऱ्या. गाडा पहिला आला. व्हिडिओत नुसती धूळ, कोणता बैल काय करतोय ते देवाला ठाऊक. पण घाटाच्या माथ्यावर मंचावर बसलेला माईकवाला काय ओरडला, ते स्वच्छ ऐकू येतं: "डावा ओढतोय, उजवा नुसता सोबतीला!"

या एका वाक्यावर आबा तीन वर्षं मिशीला पीळ देत होते. बारसं असो, दिवाळी असो, गेणबा दिसला रे दिसला की व्हिडिओ लागलाच. गेणबा बिचारा खाली मान घालून भजी खायचा. पुढं पुढं तर आबा त्याला चारचौघांत 'सोबतीचं पाव्हणं' म्हणायला लागले. ज्या फोनवर व्हिडिओ काढला तो कधीच पाटात पडला होता. आता जे काही होतं ते डब्यात. नव्या जावयानं सासऱ्याची ही कीर्ती ऐकायचीच राहिली, तर काय उपयोग त्या जेवणाचा!

आबांनी डबा बंद केला आणि वरचं झाकण काढलं. दोन डिस्क शेजारी शेजारी उभ्या होत्या. डब्याच्या मागून चार-पाच वायरी लोंबत होत्या, कासऱ्यांसारख्या. आता कासरे ज्या बाजूला, गाडीवानही त्याच बाजूला. यात आबांचं काय चुकलं सांगा. त्यांनी डबा पुढं ओढला, मागं जाऊन बसले, डावी डिस्क अलगद काढली आणि बटण दाबलं.

टीं टीं सुद्धा नाही. टीव्हीवर पाटी आली, एकही फाइल सापडत नाही. त्यांनी डबा बंद केला, फुंकर मारली, पुन्हा चालू केला. तीच पाटी. गोठ्यात सर्जा खुशाल रवंथ करत होता आणि इकडं आबा 'गेला माझा सर्जा' म्हणून कपाळाला हात लावून बसले होते.

साखरबाई मेथी निवडत होत्या. भावाचा एक दिवस तरी सुखाचा जाईल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण नवऱ्याचं तोंड बघवेना, म्हणून त्यांनीच नातीला व्हिडिओ कॉल लावून दिला.

"आबा, तुम्ही बसलाय कुठं?" सायलीनं विचारलं.

"मागं. गाडीवान कुठं बसतोय मग?"

"अहो, मी समोरून सांगितलं. तोंडाकडून बघितलं की तुमची उजवी, ती माझी डावी."

आबांनी डिस्कांची अदलाबदल केली. डबा गुरगुरला, फोटो आले, व्हिडिओ आला. आबांनी लागलीच लावून बघितला. धूळ उडाली, माईकवाला ओरडला, आबांचा हात मिशीवर गेला.

साखरबाईंच्या हातातली मेथीची जुडी मात्र तशीच राहिली. "अहो," त्या म्हणाल्या, "ह्यो माईकवाला बसलाय कुठं? बैलांच्या मागं, का तोंडाकडं?"

आबांनी निरखून बघितलं. मंच घाटाच्या माथ्यावर होता आणि बैल सरळ त्याच्या तोंडावर पळत येत होते. म्हणजे माईकवाल्याचा डावा, तो पाखऱ्या. आबांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. माईकवाला काही केल्या बैलांच्या मागं जाऊन बसेना.

एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. आबांचा हात आपसूक डब्यात गेला. चांगली डिस्क एवढी उपटली की झालं, कोण बघतंय? साखरबाई बघत होत्या.

गेणबा आत आला, मागोमाग जावई. टीव्हीवर धूळ दिसताच गेणबा कसंनुसं हसला. "चालू द्या दाजी. जावयाला मी येतानाच सांगून ठेवलंय समदं."

आबांची बोटं डिस्कवर होती, ती हळूच सुटली. त्यांनी टोपी सारखी केली, जावयाला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं आणि त्या धुळीत बोट रोवलं.

"नीट बघा विश्वजीतराव. ओढतोय त्यो तुमच्या सासऱ्याचा पाखऱ्या. आन् ह्यो आमचा सर्जा, नुसता सोबतीला हाय."