कातड्याची पट्टी

तामलवाडी मागं पडली आणि लॉरीचा ठोका पुन्हा सुरू झाला. बाहेर यायला बघणाऱ्या एखाद्या रागीट माणसासारखा तो आतून पत्रा बडवत होता. भुईमुगाच्या पोत्यांवर आडवी पडलेली जगदेवी ओठ दाबून म्हणाली, "अव्वा, ह्या लॉरीला बी कळा लागल्यात गं."

नागम्मानं लेकीच्या तोंडावरचा घाम पुसला. कळा सुरू होऊन तीन दिवस झाले होते. सुईणीनं सकाळी हात टेकले होते आणि सोलापूरला न्या म्हणाली होती. करोडगिरीचा जकात नाका दीड कोसावर राहिला होता, पण दिवस मावळला की फाटक पडायचं. मग निजामाच्या हद्दीतून सकाळपर्यंत कुणी पलीकडं जात नसे.

ड्रायव्हर फकरुद्दीननं लॉरी कडेला घेतली. बॉनेट उघडून बाभळीच्या काठीचं एक टोक त्यानं इंजनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. नागम्माला वाटलं, सुईण पोटाला कान लावताना असेच डोळे मिटायची. मग त्यानं एकेका प्लगाची तार उपसली. पहिली, दुसरी, ठोका तसाच. तिसरी काढली, तसा तो मऊ पडला.

"तिसऱ्याचं बेरिंग गेलं, अम्मा," तो म्हणाला. "दट्ट्याच्या कांबीला आतनं शिशाचं अस्तर असतंय. ते झिजलंय. असंच रेटलं तर कांब इंजन फोडून भाईर यील."

"मग?"

"नवं सोलापुरातच. तवर आत कातडं भरून चालवत्यात. मऊ पायजे, वरसानुवरस तेल प्यालेलं. वाळकं न्हाय चालत, जळून जातं."

त्यानं स्वतःच्या कमरेकडं पाहिलं. तिथं सुतळी होती. पायांत टायरच्या वाहाणा. सीटवर गोणपाट. लढाई सुरू झाल्यापासून चामडं सगळं शिपायांच्या बुटांत गेलं होतं. नागम्मा तर नवसापायी पाच वर्षं अनवाणीच होती.

जगदेवी पुन्हा कण्हली. आवाज मघापेक्षा बारीक होता.

नागम्माचा हात कमरेला गेला आणि तिथंच राहिला. भंडाऱ्याची पिशवी. हरणाच्या कातड्याची, सासूच्या सासूपासून आलेली, चाळीस वर्षं तिनं रोज तेलाचं बोट फिरवून जपलेली. अंघोळ केल्याशिवाय तिनं कधी तिला हात लावला नव्हता. भुईवर तर कधीच ठेवली नव्हती. रोज दिवेलागणीला त्यातली चिमूट घरातल्या सगळ्यांच्या कपाळी लागायची.

फकरुद्दीननं ते पाहिलं आणि मान फिरवली. "ते नक्को, अम्मा. द्येवाचं हाय."

"मऊ हाय का तेवढं सांगा."

"मऊ हाय."

"खंडोबाला तुमच्यात काय म्हणत्यात, फकरुद्दीनभाई?"

"मल्लूखान."

"मग तुमचं बी हाय की."

तिनं जगदेवीच्या पोटावर पदर सारखा केला आणि पिशवी उलटी धरली. सगळा भंडारा पिवळाधमक ढीग होऊन पदरावर बसला. मग तिनं गाठोड्यातून पातं काढलं. नाळ कापायला आणलेलं, कोरं, हळदीच्या फडक्यात गुंडाळलेलं. पिशवी तिनं स्वतःच कापली. एक लांब पट्टी काढून हातात धरली.

रेडिएटरच्या डब्यातलं पाणी फकरुद्दीननं मनगटांवर ओतून घेतलं, तेलकट हात मातीनं घासले, पुन्हा धुतले. ती पट्टी त्यानं दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली आणि लॉरीखाली सरकला.

तेल डब्यात गळत राहिलं. पान्हे वाजत राहिले. लॉरीची सावली लांबली, रस्ता ओलांडून पलीकडच्या धसकटांत गेली. नागम्मा पोत्यांवर लेकीचा हात धरून बसली. आता देवाचं नाव घ्यायलासुद्धा तिला धीर होत नव्हता. ज्याचं नाव घ्यायचं, त्याचंच कातडं आत चाललं होतं.

हँडल तीनदा फिरलं. चौथ्यांदा इंजन लागलं. ठोका नव्हता. जुनी लॉरी खोकली, धूर ओकली, पण आतलं ते बडवणं थांबलं होतं.

"बैलाच्या चालीनं नेतो," फकरुद्दीन म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि नखांत पिवळं अडकलं होतं. "आन् आता बंद न्हाय करायची. बंद केली तर फिरून लागंल का न्हाय, म्या सांगू शकत न्हाय."

लॉरी निघाली. इतका वेळ ठोक्याखाली झाकलेलं सगळं आता ऐकू येऊ लागलं. फळ्यांचं करकरणं, पोत्यांतल्या शेंगांचं खुळखुळणं. फक्त जगदेवीचं कण्हणं येत नव्हतं.

"जगे."

जगदेवीनं डोळे किलकिले केले, मिटले. श्वास होता. नागम्मानं ढिगाला धक्का न लावता तिच्या पोटाच्या कडेला कान लावला. इंजनाच्या घरघरीत तिला काहीच कळेना. लॉरी घटकाभर बंद करा म्हणावं, असं ओठांपर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं. ती उठून बसली आणि त्या पिवळ्या ढिगाकडं नुसती बघत राहिली.

फाटकाचा बांबू लांबून दिसला. अजून वर होता. त्याच्यामागं सूर्य टेकला होता.

जगदेवीच्या पोटावरच्या भंडाऱ्याच्या ढिगावर एक चीर पडली. केसाएवढी. मग एका बाजूचा भंडारा घरंगळला.

नागम्मा केबिनच्या मागच्या फटीकडं वाकली. "फकरुद्दीनभाई," ती म्हणाली, "आत्ता खड्डा गेला का?"

"न्हाय, अम्मा," तो पुढं बघतच म्हणाला. "हितनं नाक्यापतूर डांबरी सडक हाय. एक बी खड्डा न्हाय."